वसुबारस ते भाऊबीज, आणि त्यानंतर : एका हॅमस्टर-खरेदीचं प्रकरण

माझी ताई डोंबिवली पूर्वेला राहते. दोन खोल्या आणि हॉल, तिसरा मजला. घरात चार माणसं: ताई, भावजी, भाची आणि तिची आजी, म्हणजे भावजींच्या आई. भाची तेव्हा आठ वर्षांची होती. या घरात चार महिन्यांत दोनदा हॅमस्टर विकत आणला गेला. पहिला सहा दिवसांत गेला. दुसरा अजून आहे.

मी नऊ वर्षं हॅमस्टर पाळतो आहे, चालू आहे तो चौथा. यावरूनच कळेल की हा प्राणी किती दिवसांचा सोबती असतो. दोन वर्षं, फार तर तीन. ओळखीतल्या लोकांचे मला वर्षाकाठी पाच-सात फोन येतात आणि प्रश्न एकच असतो, ‘मुलीला हॅमस्टर हवाय, कुठून घेऊ?’ दुकानाचा पत्ता हा सगळ्यात शेवटचा प्रश्न आहे हे फोनवर समजावता येत नाही, म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून लिहून काढतो. ताई आणि भावजींनी वाचून ‘लिही’ म्हटलं आहे. भावजींची एकच अट होती: पिंजऱ्याची किंमत खरी लिहायची नाही. ती मी पाळलेली नाही.

पहिली खरेदी

भाचीला खरं तर कुत्रा हवा होता. ताईची नोकरी ठाण्याला, भावजींची लोअर परळला, लोकलचा वेळ धरून दोघंही बारा-बारा तास बाहेर. आजींना जिने होत नाहीत. कुत्रा बाद झाला. मग तिने पोपट मागितला. भावजींनी तिला सांगितलं की आपला देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, आणि ते अगदी बरोबर होतं, जरी खालच्या मजल्यावर एक मिठू वर्षानुवर्षं ओरडत असला तरी. चांदणीच्या नक्षीचं कासव मागून झालं, त्यालाही तोच कायदा. इथवर भावजींनी एखाद्या वकिलासारखी बाजू लढवली.

मग वसुबारसेला दिवाळीच्या खरेदीला गेले असताना एका दुकानाच्या काचेमागे झोपलेला सोनेरी गोळा भाचीला दिसला. वीस मिनिटांत सगळं आटोपलं. एक हॅमस्टर, ‘महिन्याचा आहे’ असं दुकानदार म्हणाला. लाल-निळा दुमजली पिंजरा, तळ साधारण छत्तीस बाय पंचवीस सेंटिमीटर. आत गजांचं बारा सेंटिमीटरचं चाक. झोपायला कापसाचं पाकीट. रंगीत दाण्यांचा डबा. वर एक पारदर्शक प्लास्टिकचा चेंडू, प्राण्याला आत घालून घरभर फिरवायला. एकूण १,८५०, त्यातले १,१०० पिंजऱ्याचे.

भाऊबीजेला मी ओवाळून घ्यायला गेलो तेव्हा हॅमस्टर कोपऱ्यात कुबड काढून बसला होता. शेपटीकडचा भाग ओला, केस चिकटलेले, पिंजऱ्याजवळ गेलं की आंबूस वास. दाणे तसेच पडलेले. मला पाहताक्षणीच कळलं आणि भाची समोर उभी होती म्हणून बोलता येईना. ओवाळणी राहिली बाजूला. जवळचा दवाखाना उघडा मिळाला, पण तिथल्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं की मी कुत्री-मांजरं बघतो, हॅमस्टर बघितलेला नाही. खरं बोलले हे बरंच झालं. ठाण्याच्या ज्या डॉक्टरांना असे छोटे प्राणी कळतात ते दिवाळीसाठी गावी गेले होते. ताईने फ्रीजमधलं भाचीचं अँटिबायोटिकचं सिरप काढलं, ‘एक थेंब देऊ का?’ म्हणून. मी हात धरला. अमॉक्सिसिलिन किंवा पेनिसिलिनच्या जातीचं औषध हॅमस्टरच्या आतड्यातले चांगले जिवाणू मारतं आणि पुष्कळदा आजाराआधी औषधच जीव घेतं. आम्ही ड्रॉपरने पाणी पाजत राहिलो. रात्री साडेअकराला तो गेला. सकाळी तगरीच्या मोठ्या कुंडीत त्याला पुरलं.

काय झालं होतं?

आजाराचं नाव वेट टेल. लॉसोनिया इंट्रासेल्युलॅरिस नावाचा जिवाणू आतड्यात वाढतो, जुलाब सुरू होतात आणि तीन ते आठ आठवड्यांचं पिल्लू दोन-तीन दिवसांत संपतं. जिवाणू बहुधा दुकानातून किंवा त्याच्याही आधी आला असणार. पण नुसता जिवाणू असून भागत नाही, पिल्लाची ताकद खचावी लागते. ती कशी खचली हे मी ताईबरोबर बसून मोजलं. आईपासून नुकतंच तोडलेलं पिल्लू. कुठल्या तरी शेडमधून टेम्पोने दुकानात, दुकानातून रिक्षाने घरी. त्याच रात्रीपासून फटाके, पाच रात्री. फराळाला येणारा प्रत्येक पोरगा ‘दाखव ना’ म्हणणार आणि भाची त्याला झोपेतून उचलून प्रत्येकाच्या हातावर ठेवणार. धनत्रयोदशीच्या दिवशी म्हणे नऊ मुलांच्या हातांतून गेला. उरलेल्या वेळात चेंडू.

दुकानदाराने बिघडलेला माल दिला असं भावजी अजूनही म्हणतात. अर्धं खरं आहे. पण त्या वर्षी त्या घरात चांगला, तगडा हॅमस्टर आणला असता तरी तो महिनाभर कसा काढता, मला शंका आहे. कापसाचे धागे पायात अडकतात, पोटात गेले तर आतडं बंद होतं. बारा सेंटिमीटरच्या चाकात सीरियन जातीच्या हॅमस्टरची पाठ धनुष्यासारखी वाकते आणि गजांत पाय अडकतो. पिंजरा तर चपलांच्या दोन खोक्यांएवढा.

भाचीने मला दुसऱ्या दिवशी फोनवर एकच विचारलं, ‘मामा, मी जास्त घेतलं म्हणून मेला का?’ मी ‘नाही गं’ म्हणालो. ते खोटं होतं आणि आठ वर्षांच्या मुलीला तेवढं खोटं सांगायला माझी हरकत नाही. मोठ्यांना मात्र खरं सांगितलं.

हॅमस्टर कुणासाठी?

संक्रांतीला विषय परत निघाला. ताई ठाम होती, आता प्राणी नाही. भावजींना मात्र अपराधी वाटत होतं आणि अपराधी वाटणारा माणूस लगेच खिशात हात घालतो. मी म्हटलं, ‘भावजी, एवढ्यात काही विकत घेऊ नका, फक्त माझ्या प्रश्नांची उत्तरं द्या.’ भाचीला या बैठकीतून मुद्दाम बाहेर ठेवलं. हॅमस्टर मुलाच्या नावाने घरात येतो, पण पाणी बदलणं, आजारपण, वास, खर्च हे सगळं मोठ्या माणसाच्या अंगावर पडतं. आठ वर्षांच्या मुलीवर त्याचा जीव सोपवणं हा मुलीवरही अन्यायच.

तर रात्री दहाला टाकी, म्हणजे हॅमस्टरचं काचेचं घर, कोण बघणार? भावजी. मे महिन्यात दहा दिवस आणि गणपतीत पाच दिवस तुम्ही राजापूरला जाता, तेव्हा? माझ्याकडे मुलुंडला. आजींना दमा आहे, भुसा चालेल का? नाही, म्हणजे लाकडाचा भुसा बाद, तळाला अंथरायला कागदाचं बेडिंग. घरात पाच वर्षांखालचं मूल किंवा गरोदर बाई आहे का? हा प्रश्न लोकांना आगाऊ वाटतो, पण उंदीरवर्गीय प्राण्यांकडून साल्मोनेला आणि क्वचित एलसीएमव्ही नावाचा विषाणू येऊ शकतो आणि दुसरा गर्भाला घातक असतो. इथे तसं कुणी नव्हतं. डॉक्टर? ठाण्याच्या त्या डॉक्टरांकडे भावजी प्राणी नसतानाच जाऊन आले, फी आणि वेळ विचारून आले. प्राणी घ्यायच्या आधी डॉक्टर शोधणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

आजींचा आक्षेप वेगळा आणि बिनतोड होता. ‘एकीकडे माळ्यावर उंदराचं औषध टाकायचं आणि दुसरीकडे पैसे मोजून उंदीर आणायचा!’ मी गणपतीच्या वाहनाचा आधार घेऊन पाहिला, त्या म्हणाल्या, ‘वाहन मूर्तीपाशी शोभतं.’ पण त्यांच्या बोलण्यातून एक कामाची गोष्ट निघाली. उंदराचं औषध माळ्यावरून काढायला हवं होतं आणि हॅमस्टरच्या दाण्यांना बाहेरचे उंदीर येऊ नयेत म्हणून टाकीला चापाचं झाकण लागणार होतं.

मला विचाराल तर आठ वर्षांच्या मुलीला गिनी पिग जास्त योग्य. तो दिवसा जागा असतो, सहसा चावत नाही, उचलून घेतलेलं त्याला चालतं. पण ते एकटं राहू शकत नाहीत, दोन घ्यावे लागतात, रोज ताजं गवत आणि क जीवनसत्त्व लागतं, जागा दुप्पट लागते, आणि पाच-सात वर्षांची बांधिलकी. या घरात ते बसत नव्हतं. मासे भाचीने दोन शब्दांत उडवले: ‘हात नाही लावता येत.’

खरी अडचण तिथेच होती. तिला हात लावायचा होता आणि हॅमस्टर तिच्या वेळेला जागा नसतो. शाळेतून आलेलं मूल दुपारी दीडला पिंजऱ्याशी जातं, तेव्हा त्या प्राण्याची मध्यरात्र असते. झोपेतून ओढून काढलेला हॅमस्टर चावतो. मूल घाबरतं, आठवड्याने पिंजऱ्याकडे फिरकत नाही, मग पिंजरा बाल्कनीत जातो. मी पाहिलेल्या दहातल्या सात घरांत गोष्ट अशीच संपली आहे.

एक गंमत सांगतो. पाळलेला सीरियन हॅमस्टर रात्री जागतो, पण तुर्कस्तानच्या दक्षिणेकडच्या शेतांत जंगली माद्यांवर नजर ठेवली गेली तेव्हा त्या दिवसाउजेडी, मुख्यतः सकाळी आणि संध्याकाळच्या सुमारास, बिळाबाहेर येताना दिसल्या. जर्मनीच्या गाटरमान यांच्या गटाने हे २००८ साली छापलं. म्हणजे आपल्या खोलीत रात्रभर चाक फिरवणाऱ्या या जनावराचे रानातले भाऊबंद वेगळं घड्याळ वापरतात. का, यावर अजून वाद घालता येईल. मला त्यातून एवढंच घ्यायचं होतं की सकाळचा आणि संध्याकाळचा सांधा या प्राण्याला मानवतो.

भाचीची सकाळची शाळा. बस साडेसहाला. ती पावणेसहाला उठते, आणि त्या वेळी हॅमस्टर रात्रपाळी संपवून शेवटचे दाणे गोळा करत असतो. ताईला मी विचारलं, ‘दात घासल्यावर तिला पंधरा मिनिटं मिळतील का?’ ताई म्हणाली, ‘उठेल तर मिळतील.’ सगळ्या खरेदीचा निर्णय या वाक्यावर झाला. महिनाभर पावणेसहाला न कुरकुरता उठायचं, टाकी रिकामी असताना. फक्त रिकाम्या टाकीतली पाण्याची बाटली बदलायची. भाचीने अठ्ठावीसपैकी तेवीस दिवस केलं. आम्ही ते पुरेसं धरलं. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस दिवस केलं असतं तर मला काळजी वाटली असती.

आधी टाकी

लाल-निळा पिंजरा भंगारवाल्याला दिला. माशांच्या टाक्या बनवणाऱ्याकडून तीन फूट बाय दीड फूट, दीड फूट उंच अशी काचेची टाकी करून घेतली, ३,२०० रुपये. वर लाकडी चौकटीत बारीक लोखंडी जाळी, चापांसकट ५५०. जर्मनीतले पशुवैद्य शंभर बाय पन्नास सेंटिमीटर सांगतात, आमची त्याहून थोडी लहान आहे. याहून मोठी त्या हॉलमध्ये ठेवली तर आजींची आरामखुर्ची बाहेर गेली असती.

लांबी-रुंदीइतकीच खोली महत्त्वाची. सीरियात हलबजवळ (अलेप्पो शहराजवळ) जंगली हॅमस्टरची बिळं मोजली गेली आहेत, ती सरासरी पासष्ट सेंटिमीटर खोल असतात. स्वित्झर्लंडच्या बर्न विद्यापीठात २००६ साली दहा, चाळीस आणि ऐंशी सेंटिमीटर बेडिंगवर हॅमस्टर ठेवून पाहिले. दहा सेंटिमीटरवाले पिंजऱ्याचे गज सर्वांत जास्त चावत होते, ऐंशीवाल्यांनी गज चावलेच नाहीत. आपण ज्याला ‘खेळतोय बघ, गज चावतोय’ म्हणतो ते खेळणं नव्हे. आम्ही एका बाजूला तीस आणि दुसऱ्या बाजूला पंधरा सेंटिमीटर असा उतार केला. त्याला शंभर लिटरच्या आसपास कागदी बेडिंग लागलं, १,४०० रुपये. एवढं एकदाच लागतं, नंतर ओला कोपरा तेवढा काढायचा. सगळं एकदम धुऊन चकचकीत केलं तर त्याचा स्वतःचा वास जातो आणि तो बिथरतो. ताईला हे पटायला वेळ लागला. शनिवारी घर पुसणारी बाई आहे ती.

चाक सलग पत्र्याचं, अठ्ठावीस सेंटिमीटर, १,७०० रुपये. भावजी किंमत बघून थबकले. मी त्यांना जुन्या चाकाची आठवण दिली नाही, त्यांची त्यांनाच झाली. अंघोळीला वाळू लागते, पाणी नव्हे. बारीक वाळू आणून चाळली, धुतली आणि लोखंडी कढईत भाजून घेतली. ती कढई ताईने मला कायमची देऊन टाकली. घर म्हणून मातीची कुंडी आडवी पुरली. बाटली, वाटी, कुरतडायला पेरूच्या वाळलेल्या काटक्या धरून आणखी ४०० गेले.

टाकी ठेवायची जागा शोधायला एक अख्खा रविवार गेला. खिडकीत ऊन. स्वयंपाकघराजवळ फोडणीचा ठसका. देवघराच्या बाजूला संध्याकाळचा धूप. टीव्हीशेजारी आवाज. भाचीच्या खोलीत चाकाने ती झोपणार नाही. शेवटी हॉल आणि आतल्या खोलीच्या मधल्या भिंतीला, बाकावर. मच्छरचं लिक्विड लावायचं बटण तिथून पलीकडच्या भिंतीवर नेलं.

हा सगळा खर्च ७,२५०. प्राणी अजून यायचा होता.

तीन दुकानं

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात शोध सुरू केला. सीरियनच का, तर तो मोठा, सव्वाशे ग्रॅमच्या आसपास, आणि ड्वार्फ म्हणजे बुटक्या जातींच्या मानाने संथ. त्यांतला रोबोरोव्हस्की वीस-बावीस ग्रॅमचा असतो, दिसायला गोड, पण तो मुलाच्या हातात थांबत नाही, हातातून उडतो. तो बघायचा प्राणी. सीरियन मात्र कायम एकटाच ठेवायचा. दुकानात ‘जोडी घ्या, एकटा कंटाळतो’ म्हणतात. दोन वाढलेले सीरियन एका टाकीत ठेवले तर आज ना उद्या रक्त दिसतं.

पहिलं ठिकाण मुंबईतला एक जुना बाजार. एका टाकीत वीस-बावीस पिल्लं, नर-मादी एकत्र, कोपऱ्यात एकाची शेपटी ओली. मी भाचीचा हात धरून बाहेर आलो. तिने विचारलं, ‘मग बाकीचे?’ त्या टाकीतलं धडधाकट दिसणारं पिल्लूही घेण्यात अर्थ नव्हता, आजार बाहेर दिसायला काही दिवस लागतात. आणि दया म्हणून घेतलं तर ती रिकामी जागा पुढच्या सोमवारी भरते. हे तिला सांगितलं. पटलं नाही. परतीच्या गाडीत बोलली नाही.

दुसरं दुकान स्वच्छ होतं, पण पिल्लं जेमतेम चार आठवड्यांची आणि बिल मागितल्यावर मालक हसले. २०१८ च्या पेट शॉप नियमांत हॅमस्टरचं नाव स्पष्ट आहे. दुकानाची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. ‘प्रमाणपत्र बघू’ एवढं म्हटल्यावर समोरच्याचा चेहरा काय सांगतो, ते वाचलं की निम्मं काम होतं.

तिसरं ठाण्याला. प्रमाणपत्र भिंतीवर, नर-मादी वेगळ्या टाक्यांत, वय सात आठवडे, आणि मालकांनी स्वतःच सांगितलं, ‘आत्ता दुपारी काय बघणार, संध्याकाळी सातनंतर या.’ मला तिथेच बरं वाटलं.

सातला गेलो. सहा नर होते. नर घ्यायचं कारण साधं: सीरियन मादीला सोळा दिवसांत पिल्लं होतात आणि दुकानातून ‘एकटी’ आणलेली मादी दोन आठवड्यांनी आठ-दहा पिल्लं दाखवते. नर ओळखायला मागच्या दोन छिद्रांमधलं, लघवीचं आणि गुदद्वार यांतलं, अंतर बघायचं, मादीपेक्षा नरात ते जास्त असतं. या वयात अंडकोषही दिसू लागतात. भाचीला एक पांढरा आवडला, जो कोपऱ्यात गोळा होऊन झोपला होता. गोळा सगळ्यांनाच आवडतो, पहिलाही गोळाच होता. पण झोपलेल्या प्राण्याबद्दल काहीच कळत नाही. आम्ही थांबलो. पाऊण तास. ती स्टुलावर, मी उभा. पांढरा उठला तेव्हा श्वासाला बारीक टिकटिक होती. बाद. एक जण हात आत गेला की चीत्कारून पाठीवर पडत होता. तोही नको.

एक साधा सोनेरी होता. तो हाताकडे आला, हुंगला, निघून गेला, परत आला. डोळे उघडे आणि कोरडे, नाक कोरडं, मागचा भाग कोरडा, चाल सरळ. पुढचे दात पिवळे होते. भाची म्हणाली, ‘दात घासत नाही.’ हॅमस्टरचे दात पिवळे-नारिंगीच असतात, पांढरे पडले तर काळजी करायची. मालकांनी त्याच्या टाकीतलं मूठभर कागदी बेडिंग खोक्यात घातलं, ओळखीचा वास असावा म्हणून. ६५०, बिलासकट.

रविवारची रात्रीची धीमी लोकल, खिडकीची जागा, मांडीवर भोकं पाडलेलं खोकं. शेजारच्या काकांनी विचारलं, ‘काय, मिठाई?’ भाची म्हणाली, ‘नाही, साठेबाज.’ हे मी तिला शिकवलं होतं. जर्मन भाषेत हॅमस्टरवरूनच साठेबाजी करण्याचं क्रियापद झालं आहे. आणि १९३० साली इस्रायल अहारोनी या प्राणिशास्त्रज्ञाने हलबजवळच्या गव्हाच्या शेतातून एक मादी आणि तिची पिल्लं खणून काढली, जगभरातले पाळीव सीरियन जवळजवळ सगळे त्या एका विणीचे वंशज, हेही सांगितलं होतं. ते काकांना सांगायला तिला दिव्यापासून कोपरपर्यंतचा वेळ लागला.

त्या रात्री त्याने वाटीतल्या सूर्यफुलाच्या चौदा बिया एकामागून एक गालात भरल्या. डोकं दुप्पट झालं. नाव तिथेच पडलं, दाण्या.

पहिले दिवस, आणि चावा

तीन दिवस कुणीही हात लावायचा नाही, बोलायचं फक्त. पाहुण्यांना बंदी. चौथ्या दिवसापासून पहाटे भाचीचा हात टाकीत, तळहातावर एक दाणा, हालचाल नाही. सहाव्या दिवशी त्याने दाणा नेला. दहाव्या दिवशी हातावर चढला.

अकराव्या दिवशी चावला. चूक कुणाची नव्हती म्हटलं तरी चालेल. ती आदल्या रात्रीचा बेसनाचा लाडू खाऊन तशीच आली होती. बोटाला तुपाचा वास, त्याला बोट म्हणजे लाडूच. रक्ताचे दोन थेंब आले. आजींनी रेबीजची हाक दिली आणि घर हादरलं. साबणाने दहा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुतलं, तिच्या डॉक्टरांना विचारलं. पिंजऱ्यात वाढलेल्या अशा छोट्या उंदीरवर्गीय प्राण्यांत रेबीज जवळपास सापडतच नाही, तरी विचारणं हे आपलं काम. धनुर्वाताचं इंजेक्शन वेळेवर घेतलेलं होतं. त्यापुढे नियम एकच ठरला: आधी हात धुवायचे, नंतरही धुवायचे. दोन दिवस ती टाकीजवळ गेली नाही. तिसऱ्या दिवशी पावणेसहाला भावजींनी तिला उठवलं नाही. ती आपणहून उठली.

हातात घेणं सुरू झालं ते कपडे धुवायच्या मोठ्या कोरड्या टबात बसून. टबात मूल आणि प्राणी दोघंही जमिनीला असतात. उभ्याने उचललं आणि सुटला तर चार फुटांवरून पडलेला हॅमस्टर वाचतोच असं नाही. अर्ध्या वेळी तर तो तिच्या अंगावर चढतही नाही. टबात तिच्याभोवती फेऱ्या मारतो आणि ती बघत बसते. ‘हात लावता आला पाहिजे’ म्हणणारी हीच मुलगी.

खायला बाजरी, ज्वारी, राळे, ओट्स, भोपळ्याच्या बिया, मोजून सूर्यफूल, आठवड्यातून एकदा उकडलेल्या अंड्याचा तुकडा. कोथिंबीर, काकडी रोज नखाएवढी. कांदा, लसूण, लिंबू-संत्रं, चॉकलेट बंद. महिन्याला साधारण ४०० रुपये लागतात, त्यात बेडिंग आलं.

मे महिना मात्र आम्हाला जड गेला. हॅमस्टरला अठरा ते चोवीस अंश बरे, तिशीपुढे धोका. हॉलमध्ये दुपारी तेहतीस दाखवत होतं. टाकी आतल्या खोलीत हलवली. शहाबादी लादीचे दोन तुकडे फ्रीजमध्ये, आळीपाळीने टाकीत. बर्फ झालेली बाटली फडक्यात गुंडाळून काचेला बाहेरून. एके दुपारी दोन तास वीज गेली तेव्हा आजी, ज्यांना उंदीर नको होता, ओलं फडकं टाकीच्या जाळीवर घालून वारा घालत बसल्या होत्या. हे त्यांनी सांगितलं नाही, भाचीने सांगितलं.

दाण्या आता एकवीस महिन्यांचा आहे. चाक कमी झालंय, पाठीचे केस विरळ झालेत, कुंडीतून बाहेर यायला वेळ लावतो. भाची दहा वर्षांची आहे, दुपारची शाळा झाली, तरी सहाला उठते. ठाण्याचे डॉक्टर म्हणाले, म्हातारा झालाय, बाकी काही नाही. भाची त्यांच्यासमोर काही बोलली नाही, रिक्षात तिने मला विचारलं, ‘तगरीच्या कुंडीत अजून जागा आहे ना?’

गेल्या आठवड्यात भावजींचा फोन आला. त्यांच्या ऑफिसातल्या एकाला मुलीसाठी हॅमस्टर घ्यायचा आहे, ठाण्याच्या दुकानाचा पत्ता हवाय.

‘भावजी, दिला का तुम्ही?’

‘नाही,’ ते म्हणाले. ‘मी त्यांना विचारलं, मुलगी सकाळी किती वाजता उठते? ते म्हणाले, बायकोला विचारून सांगतो.’